पट्टीखालचं नाव

"या घरात मीठ दहा वेळा मागावं लागतं, आणि मॅग्नेशियम मात्र न मागता ताटात पडतं," आई स्वयंपाकघरात कढईला सांगत होत्या. कढई ऐकून घेत होती. तिला तरी कुठे जायची सोय होती.

सूनबाई बाहेरच्या खोलीत चपला काढत होती. एरवी तिने तिथूनच उलट टोला दिला असता. आज ती एका पायात चप्पल तशीच ठेवून ऐकत उभी राहिली. मॅग्नेशियम हा शब्द तिला आज कानावर नको होता, आणि घरात पाऊल टाकायच्या आत तोच येऊन भेटला होता.

तिला सूनबाई म्हणायचे ते घरात नाही हं. घरात आई, म्हणजे तिच्या सासूबाई, तिला "डॉक्टर" म्हणत, आणि साधी सर्दी बरी करता न येणाऱ्या माणसाला ही पदवी देतं कोण, असंही विचारत. सूनबाई हे नाव संस्थेतलं. ती सरांच्या हाताखाली संशोधन करायला आली, सरांच्या मुलाशी लग्न करून बसली, आणि सर निवृत्त झाल्यावर त्यांच्याच खोलीत त्यांच्याच कपाटाच्या किल्ल्या घेऊन बसली. एवढं सगळं एकाच बाईने केल्यावर लोक दुसरं काय म्हणणार? म्हणायचे ते तिच्या पाठीमागे. पण पाठ काही बहिरी नसते.

आत जेवणाच्या टेबलाशी सरांची तालीम चालली होती. येत्या सोमवारी संस्थेच्या नव्या सभागृहात त्यांचं व्याख्यान होतं, आणि श्रोते म्हणून घरात सध्या आईच उपलब्ध होत्या.

"हा दिवा म्हणजे क्वेसार," सरांनी टेबलावरचा दिवा मागे सरकवला. "विश्वाच्या पार पलीकडच्या टोकाला. भयंकर तेजस्वी. आणि हा पेला म्हणजे अलीकडची दीर्घिका. लाखो कोटी तारे आहेत, म्हणून ती आपल्याला दिसते. पण तिच्याभोवती दूरवर जो विरळ वायू पसरलाय, तो दिसतो का?"

"नाही," आई म्हणाल्या. त्यांना उत्तर पाठ होतं.

"का नाही? कारण तो चमकत नाही. मग तो आहे हे कळायचं कसं? मागच्या दिव्याचा उजेड त्यातून आरपार येताना तो वायू त्यातले नेमके काही रंग गिळतो. इथे आपण उजेड पसरवून त्याचा वर्णपट पाहायचा. जिथे रंग गिळला गेला, तिथे खाच दिसते. त्या खाचेवरून वायू ओळखायचा."

"आणि खाच मॅग्नेशियमची निघते."

"मॅग्नेशियमच्या दोन निघतात. जुळ्या. शेजारी शेजारी."

"असू देत जुळ्या. वाढू का आता?"

सरांनी मान वळवली. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. समोरचं माणूस त्यांना आकारावरून आणि पावलांवरून कळायचं. शस्त्रक्रिया व्याख्यानानंतर करू, म्हणून त्यांनी ती पुढे ढकलली होती.

"आलीस? वर्णपट आला का गं?"

"आला, बाबा."

घरात त्यांना सर म्हणायचं नाही, हा आईंचा नियम होता. घर म्हणजे काय वर्ग आहे का, असं त्यांचं म्हणणं. लग्नानंतर जीभ वळायला सूनबाईला पुष्कळ दिवस लागले होते.

"कसा आहे?"

"स्वच्छ आहे," ती म्हणाली.

ते खोटं नव्हतं. तिचा नवरा, म्हणजे सरांचा मुलगा, समोर बसला होता. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. बापाने आयुष्यभर लांबचं पाहिलं आणि मुलाने लोकांचं जवळचं नीट केलं, असं आई म्हणत, आणि संस्थेतसुद्धा सगळे त्याला चष्मेवालाच म्हणत. त्याने बायकोकडे एकदा पाहिलं. बायको वर्णपटाविषयी एका शब्दात थांबली, असं त्याने आजवर पाहिलं नव्हतं.

*

झालं होतं ते असं.

सर ऐन उमेदीत असताना त्यांनी एका क्वेसारच्या उजेडात मॅग्नेशियमची ती जुळी खाच शोधली होती. उजेडाची वाट एका दीर्घिकेच्या जवळून जात होती. जवळून म्हणजे तसं बरंच लांबून. इतक्या लांब दीर्घिकेचा वायू पोचत असेल, असं तोवर कुणालाच वाटलं नव्हतं. सरांनी दाखवून दिलं की पोचतो. त्याला सगळे "सरांचा ढग" म्हणू लागले. पाठ्यपुस्तकात तो आला, सरांचं नाव झालं, आणि नावाभोवती संस्थेचंही झालं.

सूनबाईने पुढे कितीतरी दीर्घिका तशाच तपासल्या. दीर्घिकेपासून जितकं लांब जावं तितका वायू कसा विरळ होत जातो, याची तिने रेषा काढली होती. त्या रेषेच्या शेवटच्या टोकाला एकच ठिपका होता, सरांच्या ढगाचा. कपडे वाळत घालायची दोरी एका खिळ्याला बांधावी, तशी तिची सगळी रेषा त्या ठिपक्याला बांधलेली होती. शोधनिबंध लिहून तयार होता. फक्त त्या ठिपक्यासाठी जुन्या, धूसर वर्णपटाच्या जागी नवा, टवटवीत घालावा, एवढ्याचसाठी तिने मोठ्या दुर्बिणीवर वेळ मागितला होता. घराला रंग देताना जुन्या फोटोला नवी चौकट करावी ना, तसं.

दुर्बीण दुसऱ्या खंडातल्या एका उजाड डोंगरावर होती. हल्ली तिथे जावं लागत नाही. आपण सांगायचं, तिथली माणसं पाहतात, आणि सकाळी आपल्या टेबलावर उजेड आकड्यांच्या रूपात येऊन पडतो. त्या सकाळी तो येऊन पडला. सूनबाईने चहाचा कप बाजूला ठेवला आणि सरांच्या जुळ्या खाचांपाशी गेली.

मॅग्नेशियमच्या जुळ्यांची एक खूण असते. एकाच वायूने त्या केलेल्या असतात, म्हणून दोघींचा चेहरा एक असतो. थोरलीला तीन दात असतील तर धाकटीलाही तीनच, त्याच अंतरावर. थोरली खोल, धाकटी फार तर तिच्या बरोबरीची. धाकटी कधी थोरलीहून खोल नसते. जुन्या वर्णपटात दोन धूसर खड्डे दिसत होते, दात मोजण्याचा प्रश्नच नव्हता. अंतर बरोबर होतं, आणि तेव्हा तेवढं पुरलं होतं.

नव्यात थोरलीला तीन दात होते. धाकटीला एकच होता, आणि तो थोरलीच्या सगळ्या दातांहून खोल गेला होता.

चहा निवला. वर साय धरली तरी तो तसाच होता.

*

सरांनी संस्थेत एक पद्धत घालून दिली होती. कुठलाही नवा वर्णपट आला की त्याच्या माथ्यावरचं नाव पुठ्ठ्याच्या पट्टीने झाकायचं आणि तिसऱ्याच माणसापुढे ठेवायचं. काय दिसतं ते त्याने मोठ्याने सांगायचं. कशाचा आहे, कुणाचा आहे, हे विचारायचं नाही. पट्टी त्यानंतर काढायची. नाव कळलं की डोळा आशाळभूत होतो, असं सर म्हणत. त्यांची स्वतःची पट्टी बुटाच्या खोक्याच्या झाकणातून कापलेली होती. कडा हातांनी काळ्या पडलेल्या. ती अजून सूनबाईच्या खणात होती.

सरांचा जुना वर्णपटही या पट्टीखालून गेला होता, हे सांगायला हवं. ज्यांनी वाचला त्या सगळ्यांनी मॅग्नेशियम म्हटलं होतं. कुणी डोळेझाक केली नव्हती. पण पट्टी फक्त नाव झाकते. उजेडाचा तुकडाच तोकडा असेल, तर जे त्या तुकड्यात नाही ते पट्टी कुठून दाखवणार? त्या काळच्या यंत्रावर एका वेळी उजेडाची एवढीशी चिंधी यायची. नव्या यंत्रावर अख्खं लुगडं येत होतं.

सूनबाईने कागदावर ती पट्टी लावली आणि शेजारच्या खोलीत गेली. तिथे गणिती बसत असे. वायू दीर्घिकेत कसा पडतो आणि कसा बाहेर फेकला जातो, याची समीकरणं मांडायचं त्याचं काम, आणि तो संस्थेतला सगळ्यात तिखट डोळा.

"वाच," ती म्हणाली.

त्याने कागद ओढून घेतला. "खाचा दोन आहेत."

"ते मलाही दिसतंय."

"पहिली रुंद आहे. तीन दाती." तो थांबला. चष्मा काढून त्याने सदऱ्याच्या टोकाला पुसला. तो चष्मा तिच्याच नवऱ्याच्या दुकानातला होता. "कशाचा आहे हा?"

"पट्टी लावलीय. विचारायचं नाही."

"मला अंदाज आलाय म्हणून विचारतोय."

"मग अंदाज विसर आणि सांग."

त्याने कागदाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, खिडकीकडेही पाहून घेतलं. "माझा वर्ग आहे आत्ता," म्हणाला आणि वही काखेत मारून निघून गेला. त्याचा वर्ग दुसऱ्या दिवशी असायचा. तो गेल्यावर सूनबाई त्याच्याच खोलीत थोडा वेळ उभी राहिली, कारण जायचं कुठे ते तिला कळेना.

संचालकांकडे जाताना वाटेत नवं सभागृह लागलं. दारातच शिडी होती आणि शिडीवर रंगारी. भिंतभर त्याने सरांची दीर्घिका काढली होती, आणि तिच्याभोवती सुरेख निळं धुकं. पार छतापर्यंत.

"मॅडम, निळा अजून थोडा ओढू का? साहेब म्हणाले, भिंत मोठी आहे, मोकळं नको वाटायला."

"तूर्त आहे तिथेच थांबवा," सूनबाई म्हणाली.

"वाळला की मग ओढता येत नाही हो. डाग दिसतो."

"असू दे डाग."

संचालकांनी कागद हातात घेतलाच नाही. तिने तो टेबलावर ठेवला, तर त्यांनी त्यावर पेपरवेट ठेवला, वाऱ्याने उडेल म्हणून. खिडक्या बंद होत्या. "शंका कुणाला नसतात हो," ते म्हणाले. "पण सोमवार तोंडावर आलाय. पाहुणे येताहेत. सरांचं वय, सरांचे डोळे. तुम्ही असं करा, हे आधी घरातल्या घरात बघा ना. तुम्हाला तर सोपं आहे."

घरातल्या घरात. म्हणजे सूनबाईने सुनेसारखं वागावं.

"मी हे संस्थेत बघतेय," ती म्हणाली. "तुम्हीही बघावं म्हणून आणलं."

"बघू की. सोमवारनंतर निवांत बघू."

तिने पेपरवेटखालून कागद काढून घेतला.

*

त्यानंतर तिने जे केलं त्याला धाडस वगैरे म्हणू नये. तिने भांडी पुन्हा घासायला काढली, इतकंच. डोंगरावरून आलेले कच्चे आकडे घेऊन सगळं पहिल्यापासून केलं. कुठे आपलाच हात चुकला असेल. रंगांची मोजणी सरकली असेल. आपल्याच आकाशातल्या हवेने मधेच एखादा दात पाडला असेल. आयुष्यात पहिल्यांदाच ती स्वतःची चूक सापडावी म्हणून जीव तोडून काम करत होती, आणि चूक काही सापडायला तयार नव्हती.

मग तिने प्रश्न उलटा धरला. खाचा मॅग्नेशियमच्या नसतील, तर कुणाच्या? तीन दाती खाच लोहाची असू शकत होती, पण सरांच्या दीर्घिकेच्याही पलीकडे, आणखी लांब असलेल्या वायूतल्या लोहाची. क्वेसारचा उजेड इतक्या लांबून येतो, वाटेत त्याला एकच दीर्घिका भेटते असं थोडंच आहे. पण लोह एकच खाच पाडून गप्प बसत नाही, त्याची रांग असते. ही खाच लोहाची असेल तर रांगेतल्या बाकीच्या कुठे असायला हव्यात ते तिने आधी कागदावर मांडलं, संगणकाचा पडदा बंद ठेवून. जागा जुन्या चिंधीच्या पुष्कळ बाहेर पडत होत्या. कागदावर त्या लिहून झाल्यावर तिने पडदा उघडला.

सगळ्या होत्या. जिथे असायला हव्यात तिथेच, आणि प्रत्येकीला तेच तीन दात. त्याच्याही पुढे त्या पलीकडच्या वायूच्या मॅग्नेशियमची जुळी होती. एका चेहऱ्याची, हुबेहूब. कुणाला शिकवायला घ्यावी इतकी नमुनेदार. एकदाती खाच कार्बनची निघाली, आणखी लांबच्या तिसऱ्याच वायूची. तिची जोडीदारीण शेजारीच होती. जुन्या वर्णपटातल्या खरखरीत ती कुणाला वेगळी दिसली नव्हती.

म्हणजे फोटोत दोन अनोळखी माणसं योगायोगाने खांद्याला खांदा लावून उभी होती, आणि इतकी वर्षं सगळे त्यांना सख्खी भावंडं समजत होते.

आणि सरांच्या दीर्घिकेचा ढग? तिथे कागद कोरा होता. सूनबाईने आपल्या रेषेचा शेवटचा ठिपका पुसून पाहिला. दोरी खाली लोंबली. सगळा निबंध नव्याने लिहावा लागणार होता, आणि तो ती लिहिणार होती. ते तिचं ठरलं. त्यात रडण्यासारखं काही नव्हतं. आता प्रश्न उरला होता सोमवारचा.

*

"ऑपरेशन होऊ दे," चष्मेवाला म्हणाला. दुकान नुकतंच उघडलं होतं, गिऱ्हाईक नव्हतं. तो भिंगांच्या पेटीतली भिंगं एकेक करून फडक्याने पुसत होता. "डोळे आले की सांग. तोवर व्याख्यानही होऊन जाईल."

"म्हणजे दोनशे लोकांसमोर ते चुकीचं सांगतील."

"त्यांना कुठे माहीत आहे."

"मला आहे ना. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवू?"

"बारीक वाजव."

ती हसली नाही. तोही हसला नाही. भिंग उजेडासमोर धरून त्याने डाग आहे का पाहिलं. "तुला आठवतं, मी शाळेत नापास झालो तेव्हा कुणीच काही बोललं नव्हतं. आईने जेवायला वाढलं, बाबांनी पेपर वाचला. आमच्या घराण्याची रीतच ती."

"मला कसं आठवेल? मी तेव्हा कुठे होते."

"म्हणून सांगतोय. आमच्यात सांगत नाहीत. वेळ जाऊ देतात."

"मोतीबिंदू तू कसा ओळखतोस?" तिने विचारलं.

"उजेड आत टाकतो. मागून परत येतो तेव्हा जिथे अडतो, तिथे काळं दिसतं." तो थांबला. "तुमचंच आहे हे, माहीत आहे मला."

"आणि मग त्या माणसाला सांगतोस ना? की सोमवारनंतर निवांत या म्हणतोस?"

"मी सांगतच नाही." त्याने भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बोट केलं. "खुर्चीत बसवतो आणि म्हणतो, वाचा. खालची ओळ आली नाही की तो आपणच म्हणतो, दिसत नाही हो. मी म्हटलं तर भांडेल. स्वतः म्हटलं की भांडायचं कुणाशी?"

सूनबाई त्या तक्त्याकडे पाहत राहिली. चार दिवस ती मनात वाक्यं जुळवत होती. बाबा, एक सांगायचंय. बाबा, तुम्ही रागावू नका. सगळी वाक्यं सुनेची होती. आणि तिच्या खणात बुटाच्या खोक्याची पट्टी पडली होती.

"रविवारी दुपारी घरी थांब," ती म्हणाली.

"काय करणार आहेस?"

"खुर्चीत बसवणार आहे."

*

सरांना लहान कागद वाचता येत नव्हता, म्हणून तिने वर्णपट मोठा छापून घ्यायचं ठरवलं. संस्थेत मोठे फलक छापायचं यंत्र होतं आणि त्यावर नेमकं व्याख्यानाचंच भित्तिपत्रक निघत होतं. छापणाऱ्याने पुठ्ठ्याची एक नळी वाचावी म्हणून दोन्ही एकातच गुंडाळून दिली. आत निळ्या धुक्यातली दीर्घिका, बाहेरून वर्णपट. सूनबाईने ती नळी घरापर्यंत बाळासारखी छातीशी धरून आणली.

रविवारी जेवणं झाल्यावर तिने टेबल पुसलं आणि कागद उलगडला. तो टेबलाच्या दोन्ही कडांवरून खाली लोंबत होता.

"आता जेवायचं टेबलही गेलं," आई म्हणाल्या. "उद्या माझ्या पाठीवर पसरा."

"कोपरे दाबायला काहीतरी द्या ना, आई."

आईंनी मिठाची बरणी दिली, साखरेची दिली, आणि एका कोपऱ्यावर स्वतःचा हात ठेवून तिथेच बसल्या. चष्मेवाला खिडकीच्या कडेला सरकून उभा राहिला, म्हणजे उजेड अडणार नाही. माथ्यावरच्या नावावर सूनबाईने पट्टी ठेवली आणि तिच्या टोकांना चिकटपट्टी लावली.

"हे काय आहे?" सरांनी बसल्या जागेवरून विचारलं.

"वर्णपट आहे, सर. वाचायला ठेवलाय."

आईंनी झटकन वर पाहिलं. नियम मोडला होता. 

 सर उठले, भिंग घेतलं, आणि बोटांनी चाचपून माथ्यावरची पट्टी हाताला लागते का पाहिलं. लागली. तिच्या कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला. आपल्या हाताची वस्तू होती, ओळखायला डोळे लागत नव्हते.

"बरं," ते म्हणाले आणि कागदावर वाकले. इतके, की नाक टेकेल.

डावीकडून ते हळूहळू निघाले. मोठ्याने वाचत, पद्धतीप्रमाणे. "हा भाग कोरा. इथे खरखर. ही खाच बारीक आहे, आपल्या हवेची असेल, सोडून दे." आवाजात वर्गातला जुना कणा होता. "हं. इथे दोन."

भिंग थांबलं. चष्मेवाल्याने खिडकीचा गज धरला.

"दोन आहेत. शेजारी शेजारी." सर भिंग मागे घेऊन पुढे घेत होते. "डावी रुंद. एक, दोन, तीन दाती. उजवी अरुंद. एकदाती. आणि खोल."

 सूनबाईने ओठ घट्ट मिटले होते. मदत करायची नाही, हाही पद्धतीचाच भाग होता, आणि तो सगळ्यात जड.

"बाबा, डोळ्यांना ताण नको," चष्मेवाला म्हणाला. "चहा टाकू का?"

"टाकू नकोस. बस." सरांनी मान वर केली नाही. "उजवीकडे अजून कागद आहे?"

"आहे, सर. पुष्कळ आहे."

"मोजपट्टी दे. आणि पेन्सिल."

तिने दिली. कागदाच्या कडेला त्यांनी मोठाले आकडे मांडले, वाकडेतिकडे, एकमेकांवर चढलेले. मग टेबलाच्या कडेकडेने सरकत गेले. वाटेत आईंची खुर्ची आली. आई उठून बाजूला झाल्या आणि पुन्हा कोपऱ्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"लोह," सर म्हणाले. दोन पावलं पुढे. "हे लोहाचंच. तीन दात." आणखी पुढे. "हेही." कागदाचं लोंबतं टोक त्यांनी हाताने उचलून भिंगाखाली धरलं, आणि त्यांचा आवाज एकदम तरुण झाला. "आणि ही बघ. ही खरी जुळी. दोघींचा चेहरा एक. काय सुंदर आलीय. हा पलीकडचा वायू आहे, बराच पलीकडचा."

मग ते टोक त्यांच्या हातातून हळूच सुटलं. ते परत चालत आले, त्या दोन खाचांपाशी. बसले. भिंग बाजूला ठेवलं. आता त्यांना काही वाचायचं उरलं नव्हतं.

आईंना ते सहन होईना. "काढा की ती पट्टी एकदाची," त्या म्हणाल्या आणि हात पुढे केला.

"राहू दे," सर म्हणाले.

आईंचा हात अर्ध्या वाटेत थांबला आणि उगाच मिठाची बरणी सरळ करून परत गेला.

"किती वेळा तपासलंस?" सरांनी सूनबाईला विचारलं.

"माझी चूक सापडेना, इतक्या वेळा."

"गणित्याला दाखवलंस?"

"त्याला वर्ग होता."

"आणि संचालक?"

"सोमवारनंतर निवांत बघू म्हणाले. भिंत रंगवून होत आलीय."

सर हसले. थोडंच, पण हसले. खिडकीकडे मान करून म्हणाले, "आणि हा?"

"हा म्हणाला, मी सांगत नाही, खुर्चीत बसवून वाचायला लावतो," सूनबाई म्हणाली.

"तू सांगितलं नाहीस."

"नाही, सर. मी कागद आणला."

 बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. सूनबाईला वाटलं, आता ते उठतील, पडायला जातो म्हणतील, आणि घराण्याच्या रीतीप्रमाणे संध्याकाळी कुणीतरी कढईशी बोलेल. तसं झालं, तर उद्या सकाळी व्याख्यानाच्या आधी आपण उभं राहायचं आणि बोलायचं, हे तिने तिथल्या तिथे ठरवलं. पायाचे अंगठे जमिनीत रोवून ठरवलं.

सरांनी हात लांब करून पट्टीवर बोट ठेवलं.

"उद्या हाच कागद न्यायचा. तिथे सगळ्यांसमोर पसरायचा. पट्टीसकट," ते म्हणाले. "आणि आज पद्धतीप्रमाणे आधी सांगतो, पट्टी मग काढ. या दोन खाचा मॅग्नेशियमच्या नाहीत." त्यांनी श्वास घेतला. "तो ढग माझ्या दीर्घिकेचा नाही. कधीच नव्हता."